सहीच्या महिन्यापासूनचं भाडं

बिल्डरला कुणीही सही द्यायची नाही, अशी शपथ आमच्या गिरगावातल्या चाळीने गणपतीसमोर घेतली. नारळावर पहिला हात ठेवला तो शेजारच्या वसंतकाकांनी.

आईचे गुडघे गेले होते. तिला मरायच्या आधी लिफ्टचं घर बघायचं होतं, पण मी शपथ मोडली नाही. शेवटी ती तीन मजले उतरली ती चौघांच्या खांद्यावरूनच. त्यात पुढचा एक खांदा काकांचा होता.

यंदा सगळेच थकलो आणि सह्या करून मोकळे झालो. ज्याने ज्या महिन्यात सही केली, त्याला त्या महिन्यापासूनचं भाडं बिल्डर मागून एकरकमी देणार होता. काल ते सगळ्यांच्या खात्यात जमा झालं.

संध्याकाळी वसंतकाकांच्या ललिताकाकू पेढे घेऊन आल्या. पहिला त्यांनी आईच्या फोटोपुढे ठेवला.

"काही म्हण, बिल्डर देवमाणूस आहे रे," त्या भाबडेपणाने म्हणाल्या.



"आपण सगळ्यांनी शपथ घेतली ना, त्याच्याही आधीच्या पाडव्यापासूनचं भाडं दिलंय त्याने आम्हाला."