रक्तातली खूण

"कोणाला खरं वाटणार नाही," झुलालआबा म्हणाले. त्यांच्या मांडीवरच्या नातीकडे, कल्पीकडे, बघत शेजारच्या भटूभाऊंनी नुकतंच विचारलं होतं, "पोटात असतानाच कळलं होतं ना, पोर मंद म्हणून? मग ठेवलं कशाला?"

"सुनेचं रक्त तपासायला धुळ्याहून मुंबईला गेलं. तिथं बाटलीत असं उसळलं, की मशीनच घाबरून बंद! डॉक्टर म्हणाले, खुणा बऱ्या नाहीत, पोट पाडून मोकळी हो. सून म्हणाली, 'खूण ते आमनी बकरीना कानलेबी शे, म्हनीसन तिले काय फेकी देतस?'"



आबांनी मोठ्ठा सुस्कारा सोडला. "पण डॉक्टर खरे निघाले, भाऊ. पाच वर्षांची झाली, तोंडातून अजून एक शब्द नाही."

कल्पीने त्यांची मिशी ओढली. "खोटं! आबा, तू खोटं बोलस!"