आजीचा एक तरी फोटो

आमच्या साल्व्हादोर शहरातल्या विद्यापीठात काळ्यांसाठी राखीव जागा असतात. मी अर्ज भरला, तेव्हा आई म्हणाली, “तू बापासारखी गोरी. वर्ण तपासणारी समिती शंका घेणारच. माझ्या आईचा फोटो जोड.” आम्ही चारही अल्बम धुंडाळले. माझा बाप्तिस्मा, भावाचं लग्न, समुद्रावरचे रविवार; आजी कुठेच नव्हती. “अल्बम तुझ्या बाबांकडची माणसं बघायची ना,” आई हळूच म्हणाली, “म्हणून कॅमेरा तिच्याच हातात द्यायचे मी.” मग मला माझंही आठवलं. शाळेतल्या मैत्रिणी वाढदिवसाला आल्या की मी म्हणायचे, “आजी, फोटो तूच काढ. तुझा हात हलत नाही.” आजी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. मी मोबाइल घेऊन गेले, मागोमाग आई. “आजी, चल, फोटो काढायचाय.” तिने हात धुतले, एप्रनला पुसले आणि मोबाइलसाठी पुढे केले. “आण इकडे. दोघी भिंतीपाशी उभ्या राहा. हसा जरा.”