शनीची खातरजमा

मावशी खगोलदिनाला विज्ञान संग्रहालयात आली ती ग्रहतारे बघायला नव्हे, मुलगा बघायला. भाचीचं ठरलेलं लग्न ऐनवेळी मोडलं होतं. त्या मुलाची नोकरीच खोटी निघाली. हा नवा म्हणे गच्चीवर लोकांना शनी दाखवतो! तिनं त्याचं ओळखपत्र उलटसुलट पाहिलं. "असली कुठंही छापून मिळतात." दुर्बिणीला डोळा लावला. कडं घातलेला इवलासा शनी दिसला. "आत चित्र चिकटवलंयस!" रांगेत हशा पिकला, भाची शरमली. तो मात्र हसला नाही. "खात्री करा, मावशी." तिनं भाचीला दुर्बिणीचं तोंड झाकायला लावलं, शनी गायब. हात काढताच हजर. मग शनी हळूच कडेला सरकून दिसेनासा झाला. "पळाला!" "पृथ्वी फिरतेय. दुर्बीण सतत सरकवावी लागते," म्हणत त्यानं शनी परत आणला. मावशी भाचीकडे वळली. "हे खरं निघालं. आता याची आई दाखव."