तुमच्याच नावानं

नाव सांगताच मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीतली मुलगी चटकन उठून उभी राहिली. "अरे, आइए कैप्टन साहब!"

डॉक्टर विद्याधर पाध्यांनी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. त्यांचा सगळा जन्म झाशीच्या रेल्वे दवाखान्यात गेला होता. फौजेशी संबंध एवढाच, की संध्याकाळी छावणीकडे फिरायला जायचे.

दसऱ्यालाच ते पुण्याला मुलाकडे गेले होते. बायपास करून कालच घरी परतले, तर पुस्तकांचं कपाट रिकामं. "कॉलेजला दान केली बाबा, तुमच्याच नावानं," अनुप फोनवर म्हणाला. 'तुमच्याच नावानं' ऐकून राग निम्मा ओसरला होता, म्हणून तर आज ते बघायला आले.

मुलीनं कौतुकानं पाटी दाखवली: 'कै. डॉ. विद्याधर पाध्ये'.

"आपके बेटे खुद लिखकर दे गए थे. हम पढ़ते ही समझ गए, कै. मतलब कैप्टन!"

पाध्यांच्या घरात ते अक्षर फक्त हार घातलेल्या फोटोंखाली असायचं.

डॉक्टरांचा हात छातीवरच्या टाक्यांकडे गेला. "कब दे गया था?"

"दिवाली से पहले."

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं होतं.

"और आप रिटायर कब हुए, कैप्टन साहब?"

"दिवाली से पहले ही, बेटी. बस, मुझे किसी ने बताया नहीं."