मावशीचे हात

दूरच्या माणसाची हुबेहूब प्रतिमा घरात आणणारे तीन ब्राउझर तपासून शर्वाणीने सर्वांत वेगवान आणि सुरक्षित ब्राउझर निवडला होता. बाळाच्या बारशाला रत्नागिरीची मावशी त्यातूनच समोरच्या खुर्चीत येऊन बसली, अगदी खरीखुरी वाटावी अशी. मावशीला ऐकू येत नसे, ती खुणांनी बोलायची. ती बोलू लागली आणि हातांच्या जागी नुसतं धुकं फिरू लागलं. सगळे हसले, शर्वाणीही.

"अगं, वेगासाठी हा ब्राउझर हलणारे हात पुसतोय," नवरा हळूच म्हणाला. "ती बोलतेय आणि आपण हसतोय!"

शर्वाणी शरमेने लाल झाली. ब्राउझर निवडताना मावशी तिच्या ध्यानातच आली नव्हती. तिने घाईघाईने दुसरा, संथ ब्राउझर लावला. बोटं स्पष्ट दिसली.

मावशी विचारत होती, "माझं काही चुकलं का?"