अरुंधतीकडे बोट

गुरुदासचं बोट भलतीकडेच गेलं होतं.

सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आलेले, आणि नवरदेव बोट दाखवत होता समुद्राच्या अंगाला, माडांच्या शेंड्यांकडे. तिथे अरुंधतीच काय, एक चुकार चांदणीसुद्धा नव्हती. अंगणात हशा पिकला. "जावयानू, अरुंधती दाखवा म्हटलंय, शहाळी न्हय," भटजी म्हणाले. मथुरेनेही ओठ दाबून हसू आवरलं.

खरं तर ही वेळ यायचीच नव्हती. चौऱ्याऐंशीच्या वैशाखातलं हे लग्न, मुहूर्त भर दुपारचा. दुपारच्या लग्नात नवरा मांडवाच्या कापडाकडे बोट करतो, भटजी विचारतात, "दिसली?" नवरी म्हणते, "दिसली." मग सगळे जेवायला मोकळे. उभ्या शिरोड्यात अरुंधती अशीच दाखवतात, कुणाची त्याला ना नसते. पण विजयदुर्गाहून निघालेली वऱ्हाडाची गाडी वाटेत बंद पडली, मुहूर्त टळला, गोरजावर अक्षता पडल्या आणि सप्तपदी होईस्तोवर चांगलं काळोखलं. भटजी उलट खूश झाले. म्हणाले, "आज खरी अरुंधती दाखवूया." गॅसबत्त्या मागे घ्यायला लावून त्यांनी जोडप्याला अंगणात आणून उभं केलं.

मथुरेला ती केव्हाच दिसली होती. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा तो वसिष्ठ, आणि त्याला अगदी खेटून ती बारीकशी अरुंधती. वरवर बघणाऱ्याला एकच तारा वाटतो. लहानपणी वडिलांनी, अप्पांनीच तिला वाळूत बसवून ही जोडी दाखवली होती. अप्पा शाळामास्तर. पोरगा खोटं बोलला तर त्याला मारत नसत, पण दिवसभर त्याच्याशी बोलत नसत, त्यापेक्षा पोरांना मार परवडायचा. आई गेल्यापासून मथुरेला त्यांच्यावाचून कोणी नव्हतं. तिने एकामागून एक स्थळं नाकारली, गावाने नावं ठेवली, अप्पांनी चकार शब्द काढला नाही. म्हणून या खेपेला तिनेही मुलाशी दोन शब्द बोलायचा हट्ट धरला नाही. "मी सगळी चौकशी केलंय," अप्पा म्हणाले होते. "सोन्यासारखो झील आसा." तेवढं तिला पुरलं.

"हात धर माझो," गुरुदास तिच्या कानाशी म्हणाला. तो तिच्याशी प्रथमच बोलत होता. "बोट वळव. खंय आसा ती?"

तिने वळून पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, पण तिच्या डोळ्यांत नव्हे. नजर कानामागे कुठेतरी लागलेली.

"लोक हसाक लागले मगे," तो म्हणाला. "म्हणान आमी दुपारचो मुहूर्त मागलेलो. काळोख पडलो की माका कायच दिसणा नाय, ता तुका म्हायत आसाच."

मथुरेने पुढे केलेला हात मागे घेतला.

"फुडे दिवसाचाय दिसणा कमी होतला म्हणान डाक्टरान सांगल्यान. ताय मी अप्पांकडे लपवूक नाय. म्हटलंय, मथुरेक सगळा सांगा, तिची खुशी आसली तरच माळ घालतलंय. तुजो होकार घेवन अप्पा सोता विजयदुर्गाक इले. त्या दिवशी मी..." वाक्य अर्धंच सोडून त्याने विचारलं, "सांगल्यानी मा तुका?"

तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. अप्पा विजयदुर्गाला गेले होते खरे. परत आल्यावर म्हणाले, मुहूर्त ठरवून आलो, आणि पेज वाढायला सांगितली.

इतका संताप तिला आयुष्यात आला नव्हता. परक्याने फसवलं असतं तर तिने तिथेच गळ्यातला हार काढून भिरकावला असता. पण हे अप्पांनी केलं होतं. तिने गर्दीत त्यांना शोधलं. सगळ्यांच्या माना आभाळाकडे होत्या. एकटे अप्पा तिच्याकडे बघत होते, आणि तिची नजर भिडताच त्यांनी मान खाली घातली.

गुरुदास उत्तराची वाट बघत होता. या माणसाने काहीच लपवलं नव्हतं. ज्या होकारावर तो इथवर आला तो होकार कधी दिलाच गेला नव्हता, हे त्याला आता, सप्तपदी झाल्यावर, चारशे माणसांत कोणत्या तोंडाने सांगायचं?

"सांगल्यानी," मथुरा म्हणाली. "माका सगळा म्हायत होता."

त्याने सुटकेचा मोठा श्वास सोडला. तिने त्याचं मनगट धरून बोट बरोबर जागी नेलं. भटजींनी विचारलं, तिने "दिसली" म्हटलं. वाजंत्री वाजली आणि माणसं पंगतीकडे वळली.

गर्दी पांगल्यावर अप्पा जवळ आले. त्यांचे डोळे भरले होते. "तुका सांगला असता, तर ह्या स्थळय तू मोडला असतंस गो," ते हळूच म्हणाले. "पण आज माजी लाज राखलंस. शाणी गो माजी बाय." आणि त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला.

मथुरा मागे सरली.

"माज्या घोवाशी मी आज पयल्यांदाच बोललंय, अप्पा," ती म्हणाली. "आणि पयलाच खोटा बोललंय."