रहिवासी दाखला

“शिक्का काही सापडत नाही बघ,” नगरसेविका शेवंताक्का तिसऱ्या दिवशीही म्हणाल्या. शिक्का त्यांच्या पदराखाली, मुठीतच होता.

“हरवलाय, का तोही गेला सुरतेला कामाला?” दारातल्या इलाहीनं विचारलं, तसे रांगेतले सगळे हसले.

मंदी आल्यापासून वॉर्डातले निम्मे यंत्रमाग बंद होते. माग चालवणारे रहिवासी दाखला घेऊन जायचे आणि आठवड्यात दाराला कुलूप दिसायचं. माग सुरू करणं अक्कांच्या हातात नव्हतं. दाखला अडवला तर गल्ली तरी भरलेली राहील, असं त्यांना वाटे.

“नाही देत, जा!” त्या शेवटी चिडून म्हणाल्या. “तुम्ही सगळे गेलात तर मी नगरसेविका कुणाची?”

इलाही हसायचा थांबला. “अक्का, जायला दाखला कशाला लागतोय? गाडी उद्याचीच आहे. पण दोन वर्षांनी परत आलो अन् कुणी विचारलं, कुठले तुम्ही, तर दाखवायला काहीतरी नको?”

अक्कांनी मूठ उघडली. दाखला लिहिला, शिक्का उमटवला आणि तारखेची जागा कोरी ठेवली.

“तारीख तू परत आल्यावर घालू,” त्या म्हणाल्या.